आठवड्याला सोळा घरं

दफनविधीत पेटी खाली सोडण्याआधी मी घरच्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो. गेल्या डिसेंबरात रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना माती देताना त्यांच्या पत्नीचं नाव घेतलं, थोरल्याचं घेतलं, सुनेचं घेतलं, आणि धाकट्यापाशी येऊन अडलो. नाव आठवेना. आठवेना म्हणणंही खोटंच, ते मला कधी माहीतच नव्हतं. चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी बाजूला उभे होते, त्यांनी मान खाली घालूनच नाव पुटपुटलं आणि प्रार्थना पुढे गेली. इतर कोणाच्या ध्यानात आलं नसेल. त्या मुलाच्या आलं. माती टाकून परतताना त्यानं सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशी नाही.

मला नागपूरच्या या मंडळीत पाळक म्हणून येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

त्या रात्री कुटुंबांचं रजिस्टर काढलं. २१२ कुटुंबं. ज्यांच्या घरात मी एकदा तरी बसलोय त्यांच्यापुढे पेन्सिलीनं खूण करत गेलो. ९४ खुणा झाल्या. त्यातल्या निम्म्या घरांत गेलो होतो ते कोणी वारलं म्हणून, नाहीतर नाताळच्या गाण्यांच्या फेरीत. त्या फेरीत पाळक म्हणजे गिटारवाल्या पोरांच्या मागे उभं राहून हातावर शंकरपाळे घेणारा माणूस. रविवारी कोणत्या बाकावर कोण बसतं हे मला पाठ होतं. त्या बाकावरून उठून माणसं कुठे जातात हे ठाऊक नव्हतं.

पाळकाला अडचण आली की तो पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. हा गुण की खोड, माझ्या बायकोचं मत वेगळं आहे. आमचं कपाट लोखंडी, लग्नात मिळालेलं. आलं साड्यांसाठी, बळकावलं पुस्तकांनी. वरच्या फळीवर विल्यम बार्कलेचे बायबलमधल्या नव्या करारावरच्या भाष्याचे खंड आहेत. असतात सतरा, माझ्याकडे चौदा आहेत, तीन कोणी नेले ते देवाला ठाऊक. शनिवारी रात्री दहाला ज्याचा रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, तयार नाही अशा पाळकाला बार्कलेइतकं कोणी तारलं नसेल. त्याखाली मॅथ्यू हेन्रीचं बायबलवरचं भाष्य. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, आमचे एक सर बजावायचे, ‘रोमकरांस पत्रापासून पुढे मॅथ्यू हेन्री म्हणतो असं म्हणू नका.’ कारण हेन्री १७१४ मध्ये वारला तेव्हा तो प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच, म्हणजे रोमकरांस पत्राच्या आधीच्या पुस्तकापर्यंतच, पोचला होता. उरलेली पत्रं आणि प्रकटीकरण इतर पाळकांनी मिळून पुरं केलं. अर्धवट राहिलेल्या कामांची यादी पाहताना मला याचा फार आधार वाटतो.

तिसऱ्या फळीवर तयार संदेशांची पुस्तकं आणि दाखल्यांचे संग्रह होते. ते मी रद्दीत दिले. एका मे महिन्यातल्या रविवारी, बाहेर ४५ अंश, आत चार कूलर घरघरताहेत, आणि मी व्यासपीठावरून सांगतोय की बर्फाच्या वादळात वाट चुकलेल्या मेंढपाळाला खिडकीतला दिवा दिसला. उपासना संपल्यावर एक काका हातातल्या पुठ्ठ्यानं वारा घेत दाराशी थांबले. म्हणाले, ‘बर्फ कुठं मिळून राहिला जी? आमच्या घरी फ्रीज बंद आहे.’ सोमवारीच रद्दीवाला बोलावला. उसना संदेश उसन्या चपलेसारखा. चालता येतं, पण बघणाऱ्याला कळतं.

तर त्या डिसेंबरच्या रात्री हाती आलं ते रिचर्ड बॅक्स्टरचं ‘द रिफॉर्म्ड पास्टर’. सेमिनरीत असताना घेतलेलं. पहिल्या वीस पानांवर पेन्सिलीच्या रेघा, पुढची पानं कोरी. इथे रिफॉर्म्ड हे पंथाचं नाव नव्हे, आधी स्वतः सुधारलेला, जागा झालेला पाळक असा त्याचा अर्थ. बॅक्स्टर इंग्लंडातल्या किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावचा. ४ डिसेंबर १६५५ रोजी वुस्टर इथे जमणाऱ्या पाळकांपुढे त्याला बोलायचं होतं. दुखणाईत माणूस, जाता आलं नाही. म्हणून भाषण लिहून काढायला बसला, ते फुगत गेलं आणि १६५६ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

त्याचं म्हणणं साधं आणि बोचरं आहे. व्यासपीठावरून दहा वर्षं ऐकून जे डोक्यात शिरलं नाही, ते समोरासमोरच्या अर्ध्या तासात शिरलेलं त्यानं पाहिलं होतं. म्हणून तो आणि त्याचा सहायक सोमवार आणि मंगळवार, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत, एकेका कुटुंबाला घेऊन बसत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं. वर्षाला सुमारे आठशे. म्हणजे अख्खी मंडळी.

मी रजिस्टरच्या कोपऱ्यात भागाकार केला. २१२ भागिले १६. सव्वातेरा आठवडे. जानेवारीत सुरू केलं तर ईस्टरच्या आसपास संपतं. उत्साहात स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. ती कुकरची शिटी मोजत होती.

‘त्याला पोरंबाळं होती का हो?’

‘नाही. लग्नच १६६२ मध्ये केलं त्यानं. किडरमिन्स्टर सुटल्यावर.’

‘मग होतात सोळा घरं,’ ती म्हणाली आणि गॅस बंद केला.

कमिटीत विषय मांडला तेव्हा खजिनदारांनी चष्मा काढून विचारलं, ‘पाळक साहेब, दान कमी पडलं काय?’ हा प्रश्न पुढे मला चाळीसेक घरांत वेगवेगळ्या शब्दांत भेटला. आमच्याकडे पाळक न सांगता दारात आला की तीनच शक्यता धरतात. मासिक दान थकलंय, कोणी कागाळी केलीय, किंवा कोणीतरी गेलंय. मेकोसाबागेतल्या एका बाईंनी मला फाटकात पाहूनच पदर तोंडाला लावला आणि आतल्या खोलीत सासूबाई श्वास घेताहेत ना हे बघून आल्या.

पहिल्या आठवड्यात पाच घरं झाली. सोळा नाही, पाच. जिथे गेलो तिथे चहा. नुसता नाही, आधी पाणी, मग कोणीतरी पळत जाऊन आणलेले बिस्किटांचे पुडे, मग चहा, आणि तो नाकारला तर वहिनींचा चेहरा उतरतो. पाचव्या घरी मी साखर नको म्हणालो तर तिथल्या आजींनी शुगर किती आहे, गोळी कोणती, कोणाचं औषध चालू आहे असं सगळं विचारून माझीच भेट घेऊन टाकली.

मी जाताना बॅक्स्टरच्या धर्तीवर सात प्रश्न लिहून त्यांच्या झेरॉक्स काढून नेल्या होत्या. घरात प्रार्थना होते का, शास्त्रवाचन होतं का, मुलांना विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, पाठ आहे का, भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, प्रभुभोजनाचा, अर्थ काय. उत्तरं आली हो, हो, हो आणि ‘तुम्हीच सांगता ना जी दर महिन्याला’. पोरांना उभं करून प्रभूची प्रार्थना म्हणून घेतली. शाळेत साहेब तपासणीला आल्यावर गुरुजींची जी अवस्था होते ती त्या बापांची होत होती, आणि साहेब मी होतो.

बॅक्स्टर एका कुटुंबाला तासभर देई आणि त्या वेळी दुसऱ्या कोणाला हजर राहू देत नसे. कोणाला लाज वाटू नये, कोणाचं अज्ञान चारचौघांत चर्चेला जाऊ नये, हे त्याचं कारण. इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात हे कसं करायचं? पाळक आला म्हटल्यावर शेजारची बाई सुपात मेथी घेऊन उंबऱ्यावर येते, तिच्या मागे तिचं पोट्टं. टीव्हीचा आवाज माझ्या मानाखातर कमी होतो, बंद होत नाही.

तीन आठवड्यांनी मी पुस्तक पुन्हा उघडलं. खरं तर त्याच्याशी भांडायला. आणि पहिल्यांदा नजरेतून निसटलेली गोष्ट तेव्हा दिसली. सहायक गावाबाहेरच्या वस्त्यांतून फिरायचा. खुद्द गावातली कुटुंबं बॅक्स्टरकडे चालून यायची! तो आपल्या खोलीत बसलेला असायचा. आणि मी इकडे जानेवारीच्या थंडीत स्कूटरवर सदरहून जरीपटका, जरीपटक्याहून मानकापूर करत त्याच्या नावानं हिशोब मांडत होतो. एकटाच बसल्या बसल्या मोठ्यानं हसलो.

तेव्हापासून माझं मत झालंय की पाळकाच्या कामाची पुस्तकं कामाआधी वाचून फारसा फायदा नाही. काम फसलं की मग वाचावी. आधी वाचलं की माणूस रेघा मारतो. फसल्यावर वाचलं की ओळी दिसतात.

बॅक्स्टरकडून सुटका करून घ्यायला मी जॉर्ज हर्बर्टकडे गेलो. हा त्याच्याही आधीचा. केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता, पार्लमेंटचा सदस्य, आणि शेवटची तीनेक वर्षं सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या खेड्यात पाळक. १६३३ मध्ये गेला, त्याचं ‘द कंट्री पार्सन’ छापलं गेलं १६५२ मध्ये. प्रकरणं दोन-दोन, तीन-तीन पानांची, दुपारी जेवणानंतर डोळा लागायच्या आत एक होतं. त्यात पाळकाच्या फेरीवर एक प्रकरण आहे. हर्बर्ट म्हणतो, कामाच्या दिवशी दुपारी जा, तेव्हा माणसं आपापल्या व्यापात बुडालेली, खरीखुरी सापडतात. रविवारी ती सणाच्या कपड्यांसारखा शहाणपणाही अंगावर चढवून येतात.

मी झेरॉक्स घरी ठेवल्या आणि संध्याकाळी सातऐवजी दुपारी जायला लागलो. चित्रच पालटलं. फेब्रुवारीत एका गच्चीवर बायका साबुदाण्याच्या चकल्या घालत होत्या. मला कावळे हाकलायला काठी देऊन बसवलं. त्या तासाभरात कळलं की एकीची लेक आठ महिन्यांपासून माहेरी आहे, आणि रविवारी चर्चला येत नाही ती लोक विचारतील म्हणून. माझ्या सात प्रश्नांत या उत्तराला जागाच नव्हती.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते दोन घरांनी.

एक मोहन नगरातल्या आजी. वय नव्वदीच्या पुढे, नजर गेलेली, कान तल्लख. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून नागपुरात आला, त्याच परंपरेतलं ते बोर्डिंग. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आजींना ते मान्य आहे, पण ओळख करून देताना त्या अजून ‘आम्ही स्कॉटिश’ म्हणतात. मी बसलो, सलाम केला, आणि जुनी सवय उसळून आली. विचारलं, ‘आजी, बायबलचं काय पाठ आहे?’

आजी म्हणाल्या, ‘तू सांग आधी. मनुष्याचा मुख्य हेतू काय?’

मी गप्प. म्हणजे उत्तर मला येत होतं. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीचा, प्रश्न-उत्तरांतून श्रद्धा शिकवणाऱ्या छोट्या पुस्तकाचा, हा पहिला प्रश्न, १६४७ चा, एकूण प्रश्न १०७. पण सेमिनरीत ते मी इंग्रजीत वाचलं होतं, परीक्षेपुरतं. आजींनी वाट पाहिली नाही. देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणं, असं एका दमात म्हणून दाखवलं. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. पंधराच्या पुढे कुठेतरी अडल्या आणि चिडल्या. ‘मेट्रन असती तर छडी बसली असती,’ म्हणाल्या. सून आतून म्हणाली, ‘रोज रात्री अंधारात म्हणत असतात, आम्हाला वाटायचं बडबडून राहिल्या.’

मी त्या घरी पुन्हा गेलो ते रिकाम्या हातानं नाही. प्रश्नोत्तरी घेऊन गेलो आणि नातीला वाचायला बसवलं. आजी उत्तर देतात, नात तपासते. बॅक्स्टर शब्द ऐकून घेतल्यावर अर्थ विचारायचा. आजींना मी अर्थ विचारला नाही. ज्या बाईनं दोन मुलं आणि नवरा मातीत ठेवून ‘आनंद करणं’ म्हटलं, तिला त्या शब्दाचा अर्थ मी विचारायचा?

दुसरं घर, घर नव्हेच, दुकान. एप्रिलचा पहिला आठवडा. नागपुरात एप्रिल म्हणजे कूलर दुरुस्त करणाऱ्याची दिवाळी. आमच्या मंडळीतले हे गृहस्थ पन्नाशीचे, टिनाच्या शेडखाली चार-पाच कूलर उघडे पाडून बसलेले. जुन्या ताट्या काढायच्या, गंज खरवडायचा, पत्र्याला रंग, पंप तपासायचा, नव्या ताट्या भरायच्या. माणूस मितभाषी. चर्चमध्ये येतो, शेवटच्या बाकावर बसतो, प्रभुभोजनाच्या रविवारी विधीच्या आधी निघून जातो. मला वाटायचं दुकान उघडायचं असेल.

पोप झाल्यावर, ५९० च्या सुमाराला, ग्रेगरीनं पाळकांसाठी एक नियमपुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात जोड्याच जोड्या आहेत. गरिबाला वेगळं सांगा, श्रीमंताला वेगळं, उतावळ्याला वेगळं, मंदाला वेगळं, बडबड्याला वेगळं आणि मुक्याला वेगळं. वाचायला कंटाळवाणं, खरं सांगतो. पण गप्प राहणाऱ्यांबद्दल तो म्हणतो की बोलणं ओठांबाहेर पडत नाही म्हणून ते आत जास्त खदखदतं. हे माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी काही विचारलं नाही. पान्हे देत बसलो. दहा नंबरचा, बारा नंबरचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी मोटरीत बुश ठोकता ठोकता, माझ्याकडे न बघता विचारलं, ‘पाळक साहेब, समेट करायला वकील लागते काय?’

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू निघालं. अकरा वर्षांपूर्वी वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी फाटलं. त्याच सुमारास आधीच्या कोणा पाळकांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर संदेश दिला. अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाबरोबर समेट कर. या कूलरवाल्यांनी कोर्टात समेट होताना पाहिले होते. समेट म्हणजे स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, आणि आपला हिस्सा सोडल्याची सही. हिस्सा सोडायचा तर पोरीचं लग्न कशावर करायचं? म्हणून समेट नाही. समेट नाही म्हणून प्रभुभोजन नाही. अकरा वर्षं.

घरी येऊन मी बार्कले उघडला, हेन्री उघडला, मूळ ग्रीक शब्द पाहिला, बाबा पदमनजींची नव्या करारावरची जुन्या टाइपातली टीका काढली. सगळ्यांनी त्या वचनावर चांगलंच लिहिलंय. कोणालाही या माणसाचा घोटाळा माहीत नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबलचं भाषांतर केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि १९२४ मध्ये ते मुक्ती मिशननं छापून काढलं. शब्द गावातल्या बाईला कळला पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी हे केलं. मी तर रोज याच गावात राहतो, आणि ‘समेट’ हा शब्द शंभरदा व्यासपीठावरून उच्चारला आहे. तो खाली बसलेल्यांच्या कानात काय होऊन पडतो, हे कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना म्हटलं, ‘त्या वचनात कागद नाही हो. फक्त जा म्हटलंय. घराचं घरापाशी राहू द्या, कोर्टात चालू द्या. तुम्ही जा आणि बोला.’ त्यांनी पंप पाण्यात बुडवून चालू केला. पाणी उडालं. ‘हं,’ म्हणाले. तेवढंच.

मग आठवडाभर काही नाही. मधल्या दिवसांत मोतीबागेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलो होतो. तिथे मंडळीतला एक लोको पायलट राहतो, डोंगरगड, राजनांदगावच्या बाजूच्या गाड्या चालवतो. त्याला मी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. टिळक नागपुरात राहिलेले. राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला, वाचत वाचत ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याला मोठी गंमत वाटली. ‘याच लाइनवर?’ मग म्हणाला, ‘मी रोज जातो, मला कोणी काही देत नाही.’ दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांतला नवा करार नेऊन दिला. त्याच्या बायकोला माझ्या बायकोनं ‘स्मृतिचित्रे’ दिलं. लक्ष्मीबाईंचं हे पुस्तक पाळकांसाठी लिहिलेलं नाही, पण पाळकाच्या घरात ते औषधाच्या डब्याशेजारी असावं. नवरा दारावर आलेल्याला घरातलं काहीही काढून देतो तेव्हा बाईनं कसं जगावं, हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकात इतकं हसतखेळत आलेलं नाही.

एका घराबद्दल थोडंच लिहितो. मुलगा बारा वर्षांचा, सिकलसेल. विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला की हाडांत कळ उसळते आणि पोर गुरासारखं ओरडतं. दुःखावरची माझ्याकडे तीन इंग्रजी पुस्तकं आहेत, तिन्ही वाचून गेलो होतो. तिथे बसल्यावर त्यातलं एकही वाक्य तोंडातून काढण्यासारखं वाटलं नाही. बापानं तेविसावं स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणणारं, नको म्हटलं, ‘ते ऐकलं आम्ही.’ मी अठ्ठ्याऐंशीवं वाचलं. सगळ्या स्तोत्रांत अखेरपर्यंत उजेड न येणारं ते स्तोत्र, शेवट अंधारातच होतो. वाचून झाल्यावर बापानं माझ्या हातातलं पुस्तक घेऊन स्वतः पाहिलं. ‘हे यात आहे?’ त्यानं विचारलं. मग पान मुडपून ठेवलं.

त्या घरातून आल्यावर माझं आठ-दहा दिवस काही चाललं नाही. स्पर्जन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश पाळकाच्या विद्यार्थ्यांपुढच्या व्याख्यानांत पाळकाला येणाऱ्या ग्लानीवर एक आख्खं प्रकरण आहे. त्याला स्वतःला ती छळायची. त्यावर तो समुद्राची हवा आणि वाऱ्यात दमदार चालणं सुचवतो. नागपूरपासून समुद्र किती लांब ते नकाशात बघा. फुटाळ्यावर गेलो तर तिथे अख्खं गाव वारा खायला आलेलं. पण हे आपल्याआधी कोणाला झालं होतं आणि तो तरीही रविवारी उभा राहत होता, एवढं कळूनही माणूस सावरतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ११८ राहिलेल्या घरांपैकी ७१ झाली. डिसेंबरात ज्याचं नाव आठवलं नाही त्या मुलाकडेही गेलो. तो घरी नव्हता. आईनं बसवलं. दुसऱ्यांदा गेलो, नव्हता. तिसऱ्यांदा दार त्यानंच उघडलं. ‘या,’ म्हणाला. क्रिकेटवर बोललो, बापाच्या पेन्शनच्या कागदांवर बोललो. नावाचा विषय कोणीच काढला नाही. मी निघताना त्यानं स्कूटर सावलीतून काढून रस्त्याला लावून दिली.

कूलरवाल्यांकडे त्याच आठवड्यात परत गेलो. बाहेर अंग भाजत होतं, शेडखाली गिऱ्हाइकांची गर्दी. त्यांनी मला आत बोलावलं, ग्लासात माठाचं पाणी दिलं.

‘इंदोऱ्याची घरं झाली का तुमची?’

‘चालू आहेत. तुमच्या भावाचं शुक्रवारी आहे.’

ते स्क्रू फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘त्याच्या घरचा कूलर बघजा. बाबांच्या वेळचा आहे, मीच बनवला होता. आवाज करून राहिला असन तर सांगजा.’

शुक्रवारी गेलो. भावानं चहा केला, वहिनींनी आंब्याच्या फोडी दिल्या. खिडकीतला कूलर इतका खडखडत होता की आम्ही ओरडून बोलत होतो. मी प्रार्थना केली तीही ओरडूनच. थोरल्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. नुसतं विचारलं, ‘याला काय झालं?’

‘बुश गेला,’ धाकटे म्हणाले. ‘बाजारातल्या मेकॅनिकला जमत नाही हा. मोटर जुनी आहे.’

येताना दुकानावर थांबून तेवढंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. डब्यात हात घालून एक बुश काढला, उजेडात धरून पाहिला, परत टाकला, दुसरा काढला. मग हाताखालच्या पोराला हाक मारली, त्याला पत्ता सांगितला, आणि बुश त्याच्या खिशात घातला.

रविवारी धाकटे चर्चच्या दारात मला म्हणाले, ‘पोट्टा येऊन कूलर करून गेला, पाळक साहेब. पैसे घेतले नाहीत.’